खाऱ्या मुलखाचे इवाई

आमच्या सरांना पाणी द्यायला लोक घाबरत. हसू नका, खरं तेच सांगते. कुणाच्याही घरी गेले, की आलेला पेला आधी उजेडाकडे धरायचा, मग एक घोट तोंडात घेऊन डोळे मिटायचे आणि तो घोट या गालातून त्या गालात फिरवत बसायचं. घरातली बाई दाराशी उभी, यजमान खुर्चीच्या कडेवर आलेला, आणि सर आपले समाधी लागल्यागत. शेवटी यजमानालाच राहवत नसे. "काय झालं सर? पाणी बरं नाही का?" असं त्यानं विचारलं, की सर घोट गिळून म्हणत, "बरं हाय. मारुतीच्या देवळामागच्या विहिरीचं हाय. पण गाळ काढा आता तिचा." आणि पाणी त्याच विहिरीचं असायचं, मेलं!

अकोल्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते. साठ सालाच्या पुढची ती दोन-चार वर्षं. मी अमरावतीची, नुकती एम.एस्सी. झालेली, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पहिल्या दिवशी सरांना पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा कुणी फेरीवाला औषधं विकायला आला आहे. अकोल्याच्या त्या भट्टीसारख्या उन्हात अंगात काळा कोट, आणि त्याच्या सगळ्या खिशांत बूच लावलेल्या लहान लहान बाटल्या. वर्गात शिरताना खुळखुळ आवाज यायचा. बाटल्यांत काय, तर पाणी. इथलं, तिथलं, ज्या गावाला गेले तिथलं. लोक परगावाहून पेढे आणतात, हे पाणी आणायचे.

त्यांचा जन्म खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा मुलूख पसरला आहे. वर काळीभोर कपाशीची जमीन आणि खाली विहिरीला लागतं ते खारट पाणी. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. सर त्या पाण्यावर वाढले आणि शहरात नोकरी लागली तरी बोलणं तिथलंच राहिलं. नागपूरच्या परीक्षकांसमोरसुद्धा ते "का"ला "काहून" आणि "मला"ला "मले" म्हणत, आणि परीक्षकांच्या कपाळाला आठी पडली तर ती आठी मजेत बघत.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. विचारल्याशिवाय ते कुणाला काही सांगत नसत. काही म्हणजे काही नाही! एकदा प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हरवली. मी सगळी दुपार टेबलांखाली रांगले, ड्रॉवर उपसले, शिपायाला बोल लावले, घामानं चिंब झाले. सर खिडकीपाशी वाचत बसले होते. संध्याकाळी हताश होऊन मी म्हटलं, "सर, तुम्ही तरी पाहिलीत का हो किल्ली?" त्यांनी खिशातून काढून समोर ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमी मले कुठी विचारलं, बाई? तुमी तं भिंतीले विचारून राह्यल्या होत्या."

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते त्यांच्या लक्षात आलं की नाही देव जाणे, कारण मी विचारल्याशिवाय तेही बोलणार नव्हते!

तोंडी परीक्षेत तर त्यांनी कहरच केला होता. मुलांना प्रश्न विचारायचेच नाहीत. मुलांनी त्यांना प्रश्न विचारायचा, ते उत्तर देणार आणि गुण प्रश्नाला. एका पोरानं घाबरत विचारलं, "सर, मीठ पाण्यात इतक्या लौकर जाते, मंग बाहेर याले इतके नखरे काहून करते?" सर खुर्चीतून उठले आणि त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की पोरगं टेबलावर आदळलं. बाहेरून आलेले परीक्षक त्या दिवशी जेवायलाही थांबले नाहीत.

या वेडाचं मूळ मी एकदा त्यांना विचारलंच. त्यांच्या लहानपणी कुणी मोठा साहेब घोड्यावरून गावात आला होता म्हणे. कुणाला काही न विचारता बोट दाखवलं आणि इथं विहीर खोदा म्हणाला. गावानं बिचाऱ्यानं हंगाम सोडून विहीर खोदली आणि ती निघाली खारी. "साहेब गेला घोड्यावर बसून," सर म्हणाले, "आन् विहीर राह्यली. अजून तिले साहेबाची विहीर म्हनतात. ढोरं बी तोंड लावत नाईत. तवापासून मी ठरवलं बाई, कोनी विचारलं तं सांगीन, नाई तं चूप." त्या दिवशी मला त्यांची माया आली. पण किल्लीचा राग मात्र गेला नाही.

त्यांची माझ्यावरची माया मला नंतर एकदा कळली. माझं लग्न ठरत होतं. चांदूर रेल्वेचं स्थळ. वडिलांनी सरांना सहज विचारलं, "कसं वाटतं तुम्हाला?" सर म्हणाले, "दोन दिवसांनी सांगतो." आणि हा गृहस्थ गाडीत बसून चांदूर रेल्वेला गेला, अनोळखी घरात शिरला आणि पाणी मागून आला! परत येऊन वडिलांना म्हणाले, "द्या पोरगी. सून घरात असून सासू सोता उठून पानी देते." मी चांगली रागावले. आज इतक्या वर्षांनी सांगते, माझ्या सासूबाई तशाच निघाल्या.

तर एके वर्षी विद्यापीठाकडून कळवण्यात आलं, की प्रत्येक कॉलेजनं एक खेडं दत्तक घ्यावं. प्राचार्यांनी बैठकीत ते वाचून दाखवलं आणि चुकून म्हणाले, "कुणाला काही बोलायचंय?" सरांना तेवढंच हवं होतं.

"दत्तक काहून?" ते म्हणाले. "गाव का अनाथ हाय? गावाले मायबाप हाय, शेतीवाडी हाय. आपन त्याईच्याशी सोयरिक करू. सोयऱ्याच्या घरी कसं, बलावल्याशिवाय जात नाई आन् गेलं तं रिकाम्या हातानं जात नाई."

सगळे हसले. प्राचार्यांनी "बरं बरं" म्हणून विषय बदलला. पुढे महिने गेले तरी सर कुठल्याही गावाला गेले नाहीत. बाकीच्या कॉलेजांनी झाडं लावली, फोटो काढले. आम्ही आपले बोलावणं येण्याची वाट बघत बसलो. मी तर त्यांना तोंडावर म्हटलं, की सर, बोलावणं काय आकाशातून पडणार आहे?

पण आलं! एक दिवस तेल्हाऱ्याकडच्या एका गावचे सरपंच आणि त्यांच्याबरोबर एक उंच, काटक बाई प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. बाईच्या कडेवर घागर. तेल्हाऱ्यापासून मोटारीत ती मांडीवर घेऊन आली होती. तिचं नाव भागाबाई. गावातल्या बौद्धवस्तीत राहायची आणि मजुरीनं कपाशी वेचायची. गावातल्या सगळ्या विहिरी खाऱ्या, त्यात हिच्या वस्तीची सर्वांत खारी. प्यायचं पाणी बाया लांबच्या मळ्यातून डोक्यावर आणायच्या. तिनं घागर टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, याच्यात कोनतं औषध टाकू?"

सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. नवऱ्या मुलाच्या बापाचा असतो तसा झाला होता. "बाई, मिठाले औषध नाई," ते म्हणाले. "पन आभायातून पडते थे पानी गोडं असते. थे धरून ठेवता येते. ठेवायचं का?"

त्यानंतर सोयरिकीचं जे काही झालं ते अगदी रीतसर झालं. आम्ही गावात गेलो तेव्हा सरांनी प्राचार्यांना सोबत ओढून नेलं आणि चावडीत सगळ्यांसमोर सुपारी फोडायला लावली. प्राचार्य इंग्रजीचे, त्यांना अडकित्ता धरता येईना. गाव पोट धरून हसलं. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. त्या दिवसापासून गाव आम्हाला इवाई म्हणू लागलं आणि ते थट्टेत राहिलं नाही. कॉलेजची पोरं तलाव खोदायच्या शिबिराला गेली की घरोघरी पाळीनं जेवण, आणि सरांनी पाळी सुरू केली ती भागाबाईच्या घरापासून. सरपंचांनी विचारलं, "सर, तलावाले बौद्धवस्तीचा घाट कोनत्या बाजूनं बांधाव?" सर म्हणाले, "एकच बांधा. मंग कुठी बी बांधला तरी चालते." चावडीतल्या दोघा-चौघांनी सरपंचांकडे बघितलं. मग सरपंच म्हणाले, "बरं, इवाई म्हनतात तसं." आणि घाट एकच बांधला गेला.

आता जे बिघडलं ते नीट सांगते. त्या मातीत खोल गेलं की पिवळट थर लागतो. सगळं मीठ त्याच्यात. तिथवर पोचायच्या आत थांबायचं, एवढंच पथ्य होतं. सर रोज खड्ड्यातली माती बाटलीत भरून अकोल्याला पाठवत, मी ती तपासत असे, आणि मग पुढचं खोदकाम. वैशाखात शिबिर संपायचा दिवस आला. शेवटच्या दिवसासाठी मीही अकोल्याहून आले होते, पण तेव्हा नेमकी मुलींना मोटारीत बसवून द्यायला तेल्हाऱ्याला गेले होते. मागे गाव आणि पोरं अशी काही रंगात आली, की भागाबाईनं खड्ड्यातूनच हाक मारली, "सर, अजून हातभर खोदू का? जेठापर्यंत पानी पुरन!" माती तपासायला अकोल्याला पाठवावी, तर संध्याकाळी पोरं जाणार, हात थांबणार. सरांनी तळची चिमूटभर माती जिभेवर ठेवली. सरपंचांनी ठेवली, भागाबाईनं ठेवली, चार म्हाताऱ्यांनी ठेवली. सगळ्यांचं एकमत झालं. गोडी! "खोदा," सर म्हणाले.

तलाव भरला. प्राचार्यांनी भाषण केलं. दिवाळीत आम्ही तिथलं पाणी प्यालो, संक्रांतीला प्यालो. सरांनी बाटली भरून घेतली आणि ती कोटाच्या आतल्या खिशात, छातीपाशी ठेवली.

पाडव्याला आम्ही पुन्हा गेलो. सरपंचांच्या घरी चहा आला, नुसता साखरेचा पाक. सरांनी साधं पाणी मागितलं. सरपंचांच्या बायकोनं आतल्या रांजणातून आणून दिलं. सरांनी घोट तोंडात घेतला, डोळे मिटले. उघडले तेव्हा ते कुणाकडेच बघेनात. पाणी तलावाचं नव्हतं, लांबच्या मळ्यातलं होतं. सगळे "घ्या ना सर, करंजी घ्या," म्हणत होते. कुणीच काही विचारलं नाही आणि सर काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी तेच. ज्या घरी जावं तिथं डोक्यावरून आणलेलं गोड पाणी आणि आग्रह. मला संशय आला. मी हात धुवायचं निमित्त करून तलावावर गेले आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. थू! खारट. ज्या बाया वर्षभर आशेवर होत्या त्या पुन्हा उन्हातून पाणी आणत होत्या आणि त्यातलं आम्हाला पाजत होत्या, का, तर इवायाला वाईट वाटू नये! इवायाची चूक त्याच्या तोंडावर कुणी काढतं का? ती रीत आम्हीच तर सुपारी फोडून लावली होती.

परतीच्या मोटारीत मी सरांना सांगितलं.

"मले माहीत हाय," ते म्हणाले.

"मग बोला ना त्यांच्याशी! नाही विचारलं त्यांनी तर नाही विचारलं. जळो तो तुमचा नियम!"

सरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "नियम नाई बाई आता," ते म्हणाले. "हिंमत नाई. माह्या नावानं बी एक तलाव राह्यते तठी. ढोरं बी तोंड लावनार नाईत."

इतका मोठा माणूस आणि लहान मुलासारखा रडवेला झालेला. त्यानंतर त्यांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. कोणी पाणी दिलं तर गटकन प्यायला लागले. प्राचार्य म्हणाले, तलाव झाला, आपलं काम संपलं, आता दुसरं गाव बघू. कॉलेजला ते चालणार होतं. गावाला मात्र कॉलेज या गोष्टीचं पुन्हा तोंड बघायची इच्छा राहिली नसती, आणि शेजारची गावं आमच्याकडेच डोळे लावून बसली होती. सरांनी नोकरी सोडायचं बोलून दाखवलं तेव्हा मी त्यांना ओढून, अक्षरशः ओढून, पुन्हा त्या गावाला नेलं.

भर दुपार. तलावाच्या पाळीवर सरपंच आणि पाच-सात माणसं आमच्या भोवती जमली होती आणि हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या. तेवढ्यात भागाबाई मळ्याकडून आली, डोक्यावर दोन घागरी, चेहरा उन्हानं लाल. तिनं आमच्याकडे बघितलं. घागरी खाली उतरवल्या. मग लोटा घेऊन सरळ घाट उतरली, तलावाचं पाणी भरलं आणि सरांच्या समोर धरलं.

"घ्या सर. पिऊन पाहा."

"भागाबाई!" सरपंच ओरडले. "इवाई हायेत थे!"

"इवाई हायेत म्हनूनच. इवायाशी भांडाले बी आलं नाई तं कायची सोयरिक करून राह्यले तुमी?" आणि सरांकडे वळून म्हणाली, "सर, तुमी आमाले सांगतलं का पानी गोडं राहीन. मंग खारं काहून झालं?"

सरांनी लोटा घेतला. फिरवणं नाही, डोळे मिटणं नाही. अख्खा लोटा प्याले. मिशीवरून पाणी ओघळत होतं आणि डोळ्यांतूनही. पण मी शपथेवर सांगते, तो माणूस त्या क्षणी सुटल्यासारखा दिसत होता.

"बाई," ते म्हणाले, "माह्या जिभेनं धोका देल्ला. मी याच मुलखातला. खारं पानी पिऊनच वाढलो. मले थोडं खारं, खारं लागतच नाई. थे मले कळाले पायजे होतं. अकोल्याले माती पाठवाले पायजे होती. चूक माही हाय." आणि मग ते बोलतच राहिले. थर कसा, मीठ कसं वर येतं, सगळं. इतकं लांबलचक बोलताना मी त्यांना वर्गातही ऐकलं नव्हतं.

भागाबाईनं कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं. "म्या बी चाखली होती ना माती," ती म्हणाली. "मले बी गोडीच लागली. हातभर जास्त खोदाची घाई बी माहीच होती. मंग एकट्यानं काहून रडून राह्यले? आता काय कराचं थे सांगा."

तिनं विचारलं होतं! सरांनी कोटाची बाही डोळ्यांवरून ओढली आणि सांगायला लागले.

जेठात तलाव आटला. तळाला पांढरी पापडी धरली होती. ती खरवडली, पिवळी माती उपसून लांब टाकली आणि काळी चिकण माती आणून थर दिला. थर घट्ट बसून खालचं मीठ अडावं म्हणून पाणी शिंपून त्यावर गावची सगळी ढोरं फिरवली, दिवसच्या दिवस. या वेळी पैसे विद्यापीठाचे नव्हते आणि प्राचार्यही नव्हते. पोरं मात्र आपली आपण आली, काही तर कॉलेज सोडून गेलेलीसुद्धा. सर ढोरांच्या मागे काळा कोट घालून चिखलात फिरत होते आणि पोरं त्यांना "सर, कोट तरी काढा" म्हणत होती.

मग पाऊस झाला, तलाव भरला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. खरा धाक पाडव्याचा होता. मागच्या वर्षी तेव्हाच फिरलं होतं. पाडव्याच्या आधी मी पाणी तपासलं होतं, सरांनी तीच तपासणी पुन्हा स्वतः केली होती. मिठाचा आकडा चांगला होता. पण सगळं गाव पाळीवर जमलं आणि सर आकडा सांगायला लागले, तशी भागाबाई म्हणाली, "आकडा काय पिता येते का? पिऊन सांगा कोनी तरी."

सरांनी हात जोडले. "मी नाई. आपल्या कोनाच्याच जिभेचं खरं नाई, बाई." मग माझ्याकडे वळले. "तुमी अमरावतीच्या. तुमी प्या. आन् मले बरं वाटाव म्हनून बोलू नका."

आणि माझ्याकडे पाठ करून, तलावाच्या उलट्या दिशेला तोंड करून उभे राहिले. त्यांच्यानं बघवत नव्हतं.

भागाबाईनं लोटा भरून दिला. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी एक घोट घेतला. मग दुसरा. मग मला थांबताच येईना. इतक्या हातांनी खपून अडवलेलं, इतक्या जणांनी वाट बघितलेलं ते पाणी, आमच्या अमरावतीच्या घरच्या पाण्याइतकं गोड. मला रडू फुटलं होतं आणि तोंडातून शब्द निघत नव्हता.

"अवो, नुसती पिऊन काय राह्यली पोरी?" भागाबाई म्हणाली. "सांग ना!"

मी रिकामा लोटा तिच्यापुढे धरला.

"काय म्हनून राह्यल्या बाई?" सरांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"काई नाई सर," भागाबाई म्हणाली, "अजून मागून राह्यली."